सडा, राई आणि खाडी: गावाने मोल कसे काढावे, कसे राखावे

आपण राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावाच्या ग्रामपंचायत सदस्या आहात आणि आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या माथ्यावरचा सडा, म्हणजे कातळाचे सपाट पठार, चिरेखाणीसाठी, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगडाचे चिरे काढण्यासाठी, मागितला जात आहे. काही खातेदार जमीन द्यायला तयार आहेत. सड्याच्या उतारावर देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राई, आहे आणि खाली खाडीला लागून कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल. निसर्गाला पैशांत मोजणेच चूक, असे ग्रामसभेत काहींनी म्हटले. आकडा हातात नसेल तर तहसील कचेरीपासून खाणमालकापर्यंत कोणीही ऐकून घेणार नाही, असे इतरांनी बजावले. तेव्हा या सगळ्याचे मोल काढावे का, काढायचे तर कसे, आणि त्यानंतर ते पुढच्या पिढ्यांसाठी कसे राखावे, हे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. ग्रामसभेसमोर आकडा असलाच पाहिजे आणि तो गावानेच काढलेला असला पाहिजे. मात्र तो जमिनीच्या विक्रीचा आकडा नसावा. सडा, राई आणि खाडी वर्षभर गावासाठी जे काम करतात, तेच काम उद्या पैसे देऊन करून घ्यायचे झाले, तर दरवर्षी किती खर्च येईल आणि तो कोणाच्या खिशातून जाईल, याचा तो आकडा असावा. जे कितीही पैसे देऊन परत आणता येत नाही, त्याला आकडा लावू नये. ते ठरावाने व्यवहाराबाहेर ठेवावे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की गावाचे नुकसान होते, हे मी कोकणात अनेक गावांत काम करताना पाहिले आहे.

सरकारकडे या विषयातला एक आकडा तयार आहे आणि तो कोणीतरी आपल्याला सांगेलच, म्हणून त्याबद्दल प्रथम लिहितो. वनसंवर्धन कायद्याखाली वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवली जाते, तेव्हा तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. जानेवारी २०२२मध्ये सुधारलेल्या दरांनुसार ते जंगलाचा प्रकार आणि घनता पाहून हेक्टरी साधारण ९ लाख ५८ हजारांपासून १५ लाख ९६ हजार रुपयांपर्यंत आहे. हा दर वनजमिनीचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी थोडी. बहुतेक डोंगर, जंगल आणि सडे खासगी किंवा सामाईक मालकीचे, त्यामुळे आपल्या सड्याला हा दर लागूच होत नाही. शिवाय त्याची मांडणी झाडांच्या दाटीवर आहे. ज्या जमिनीवर झाडेच नाहीत, पण जिच्या पोटात गावाचे पाणी आहे, तिचे मोल या पद्धतीत दिसत नाही. महसुली दप्तरातही तीच स्थिती आहे. सातबाऱ्यावर सड्याचा मोठा भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेला असतो, त्यावर आकारणी नाही, पीकपाहणीत त्याची दखल नाही आणि म्हणून खरेदीदार त्याचा भाव नापीक जमिनीचा लावतो. खातेदारालाही मग वाटू लागते की नाहीतरी पडून असलेल्या जमिनीचे चार पैसे होत आहेत. आपल्या मोजणीला सुरुवात इथूनच व्हायला हवी.

सड्याचे पहिले काम पाण्याचे आहे. वर दिसतो तो टणक कातळ. त्याखाली जांभ्याचा सच्छिद्र, नळ्यांनळ्यांचा थर आणि त्याच्याही खाली पाणी अडवणारी चिकणमाती. पावसाचे पाणी कातळावरच्या खळग्यांत साचते, भेगांतून आत उतरते, जांभ्यात हळूहळू सरकत जाते आणि मातीच्या थराशी अडून सड्याच्या कडेला, उतारावर, झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्या झऱ्यांवर खालच्या वाडीच्या विहिरी, पाटाचे पाणी आणि पोफळीच्या बागा उभ्या असतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीन हजार धरला तरी एका हेक्टरवर वर्षाला तीन कोटी लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे वाहून खाडीला मिळते. उरते त्यातला जो भाग जांभा धरून ठेवतो, त्यावर एप्रिल-मे निघतो. खाण म्हणजे हा धरून ठेवणारा थरच कापून ट्रकने बाहेर पाठवणे होय.

याची मोजणी करायला भूवैज्ञानिक लागत नाही. वाडीतल्या दोघीतिघींनी महिन्यातून एक ठरावीक दिवस झऱ्यावर जावे, पन्हाळी लावून सगळे पाणी एका धारेत आणावे, तिच्याखाली मापाची बादली धरावी आणि मोबाइलवर वेळ लावावी. तीन वेळा मोजून मधला आकडा वहीत लिहावा. उदाहरण घेतो. ऑक्टोबरात पंधरा लिटरची बादली तीस सेकंदांत भरली, तर तो झरा दिवसाला ४३,२०० लिटर देतो. म्हणजे दहा हजार लिटरच्या चार टँकरहून जास्त. मे महिन्यात तीच बादली भरायला दोन मिनिटे लागली, तर दिवसाला १०,८०० लिटर मिळतात आणि जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने ते १९६ माणसांचे पाणी झाले. आता आपल्या भागातला टँकरचा दर, जानेवारी ते जूनचे दिवस आणि असे किती झरे आहेत, हे मांडा. झरा आटला तर बागांचे काय होईल, हे पोफळीच्या वयासकट लिहा, कारण पोफळ नव्याने लावून उत्पन्नाला यायला बरीच वर्षे जातात. हा हिशेब कोणालाही तपासता येतो आणि तपासता येण्यातच त्याचे बळ आहे. मोजणी खाण सुरू होण्यापूर्वीची असणे फार महत्त्वाचे आहे. झरा आटल्यावर ‘तो आधीपासूनच कमी होता’ असे सांगितले जाते आणि तेव्हा गावाकडे दाखवायला काही नसते.

खाणीच्या बाजूने दोन मुद्दे येतील आणि त्यांना प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल. पहिला असा की आपली सगळी घरे चिऱ्याचीच आहेत. ते खरे आहे. घरापुरता चिरा हाताने काढण्याची रीत जुनी आहे आणि तिला कोणी विरोध करू नये. प्रश्न यंत्राने सलग अनेक एकर उतरवून बाहेर पाठवण्याचा आहे. दुसरा मुद्दा असा की खाणीच्या खड्ड्यात पाणी साठते आणि ते वापरता येते. साठते, परंतु उघड्यावर साठलेले पाणी वाफ होऊन जाते, ते खालच्या वाडीच्या झऱ्याला आपोआप मिळत नाही, आणि वाडीला ते पंप लावून, वीजबिल भरून उचलावे लागते. जे पाणी आज उतारानेच घराशी येते, त्याच्यासाठी पुढे कायमचा खर्च लागेल. तो खर्चही वहीत आला पाहिजे.

सड्याचे दुसरे काम गवताचे. पावसानंतर कापून नेलेल्या गवताच्या पेंड्या, चरायला गेलेली गुरे, या सगळ्याचा बाजारभाव काढता येतो आणि तो काढण्यात फारशी अडचण नाही. तिसऱ्या गोष्टीशी मात्र थांबावे लागते. कातळावरच्या बोटभर मातीत जून ते ऑक्टोबर एवढ्या काळात उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या वनस्पतींचे एक वेगळेच जग आहे. सीतेची आसवे आणि गेंद आपण ओळखत असालच. पहिल्या पावसासरशी पांढरी फुले घेऊन वर येणारी दीपकाडी ही कंदवर्गीय वनस्पती कोकणपट्टीतल्या सड्यांपुरतीच मर्यादित आहे. ती इथून गेली तर दुसरीकडून आणून लावू, असे म्हणता येत नाही. तिचे जगणे त्या कातळाच्या भेगेतल्या मातीशी आणि तिथल्या पाण्याच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे. तिला रुपयांचा आकडा लावू नका. ती कोणत्या गटात, कोणत्या खळग्याजवळ उगवते हे नकाशावर नोंदवा. आपल्या सड्यावर कातळशिल्प, म्हणजे कातळावर कोरलेले प्राचीन चित्र, असेल तर त्याचीही नोंद त्याच नकाशावर घ्या. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही आपल्याच तालुक्यातली ठिकाणे २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली आहेत. ज्या जागेला महसुली दप्तर पोटखराबा म्हणते, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी त्या यादीमुळे निदान थोडी बदलली आहे.

खाडीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे कायदा बराच स्पष्ट आहे. कांदळवनाची तोड आणि त्यावर भराव यांना मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८च्या निकालाने मनाई केली आहे आणि जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखायचा आहे. त्यामुळे खाणीचा माल खाडीतून नेण्यासाठी धक्का किंवा रस्ता करण्याची गोष्ट कोणी काढली, तर चर्चा इथेच थांबवता येते. तरीही खाडीचे मोल काढावेच असे माझे सांगणे आहे, कारण तिथे जे मिळते त्याचा फार मोठा भाग बाजारात जातच नाही. ओहोटीला बाया खडकांवरची कालवे फोडतात, तिसऱ्या नावाच्या शिंपल्या काढतात, कोणी चिंबोऱ्या धरतो आणि ते सगळे थेट चुलीवर जाते. मत्स्य विभागाच्या आकडेवारीत ते दिसणार नाही. महिन्यातून एक उधाणाची (मोठ्या भरतीच्या दिवसांतली) आणि एक भांगाची (लहान भरतीच्या दिवसांतली) ओहोटी धरून काही घरांनी जे आणले त्याची नोंद ठेवली, तरी वर्षभरात चित्र उभे राहते. कोळंबी, तांबोशी, शेवटे यांची पिल्ले कांदळाच्या मुळांच्या आसऱ्याने वाढतात. समुद्रात जाणाऱ्या होडीला मिळणाऱ्या मासळीचा काही वाटा खाडीचा असतो, एवढे त्या वहीत लिहून ठेवावे, आकड्याचा अट्टहास करू नये.

एक गोष्ट मात्र दडवू नये. ज्यांच्या शेताचा खारबंधारा फुटला, शेतात खारे पाणी शिरले आणि मग कांदळ उगवले, त्या शेतकऱ्यांच्या हाती आज शेतही नाही आणि मोबदलाही नाही. त्यांचा राग कांदळवनावर निघतो आणि तो समजण्यासारखा आहे. अशी कुटुंबे आपल्या गावात असतील तर त्यांची नावे, गट क्रमांक आणि बंधारा कधी फुटला हे आधी नोंदवा, आणि जिथे अजून कांदळ उगवलेले नाही तिथल्या बंधाऱ्याची दुरुस्ती ताबडतोब मागा. त्यांना बाजूला ठेवून केलेला संवर्धनाचा ठराव टिकत नाही. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत महिला बचत गटाने होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली आणि त्यातून उत्पन्न मिळवले. शासनाची कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजनाही २०१७पासून आहे, तिच्यात खेकडे आणि कालवे पालनाला साहाय्य मिळते. कांदळवन आपल्या शेताच्या मुळावर आलेल्या कुटुंबांना या योजनेत पहिली जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते.

देवरहाटीचा प्रश्न वेगळा आहे. तिचे मोल काढू नका. जिथे कौल लावल्याशिवाय वाळलेली फांदीही उचलत नसत, तिथे लाकडाचे घनफूट मोजायला बसणे म्हणजे ज्या श्रद्धेने ती राखली तिलाच धक्का देणे होय. माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी केल्या, तेव्हापासून हे वारंवार दिसले आहे की आजूबाजूचा डोंगर उघडा झाला तरी राईत जुने सातवीण, बेहडे, किंजळ, मनगटाएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली टिकून राहतात आणि गावातला पाण्याचा एखादा जुना स्रोत बहुधा राईतच असतो. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे लोकांनी देवाची राई म्हणून राखलेल्या जागेत जायफळाच्या कुळातल्या झाडांचे दलदलीतले जंगल सापडले. महाराष्ट्रात असे जंगल अतिशय दुर्मीळ आहे. अवघ्या २.५९ हेक्टरांची ही जागा आता जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली आहे. पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्यांना त्या झाडांचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते आणि राखण्यासाठी त्याची गरजही पडली नाही.

आज राईला धोका बाहेरून येतो तितकाच आतूनही येतो. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे हवेत म्हणून राईतली मोठी झाडे विकण्याचा विषय अनेक गावांत निघतो, आणि कौलारू देऊळ पाडून त्या जागी सिमेंटचा सभामंडप, भोवती फरशीचे आवार आणि गाड्या लावायला मोकळी जागा असा आराखडा मुंबईहून येतो. चाकरमान्यांची देवावरची भक्ती खरी असते आणि वर्गणी देण्याची त्यांची तयारीही असते. मानकरी, गुरव आणि मुंबईतल्या गावकऱ्यांचे मंडळ यांना एकत्र बसवून, बांधकाम राईच्या हद्दीबाहेर आणि एकही झाड न विकता करण्याचे लेखी ठरवून घ्या. हे काम ग्रामपंचायतीच्या ठरावापेक्षा देवळाच्या बैठकीत लवकर होते.

आता बाजारभावाच्या धोक्याबद्दल सांगतो, कारण ‘मोल कळले की लोक राखतील’ असे सर्रास म्हटले जाते आणि ते अर्धवट आहे. सह्याद्रीत नरक्या नावाचे एक लहान झाड आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मिळते आणि त्यापासून कर्करोगावरची टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे तयार होतात. जगाच्या दृष्टीने एवढे मोल असलेली झाडे कोकणात थोडी आहेत. परिणाम काय झाला? सिंधुदुर्गाच्या घाटपट्ट्यातून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली, झाडे मुळासकट उपटली गेली, तोडणाऱ्या मजुराला रोजगारापुरते पैसे मिळाले आणि जंगलाला काहीच मिळाले नाही. उलट रातांबा, म्हणजे कोकमाचे झाड, पाहा. तोही पश्चिम घाटातलाच, त्यालाही भाव आहे, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण त्याचे फळ काढले जाते आणि झाड उभे राहते. सोले, आगळ आणि बियांचे तेल घराघरांत होते, झाड बांधावर असते आणि ते कोणाचे हे सगळ्या वाडीला माहीत असते. फरक दोन गोष्टींत आहे: काय काढले जाते, आणि काढायचा हक्क कोणाचा आहे. हे दोन्ही ठरलेले नसताना एखाद्या वनस्पतीचे मोल जाहीर करणे म्हणजे तिच्यावर धाड बोलावणे आहे. म्हणून आपल्या नोंदवहीत औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणे लिहिली, तर तो भाग खुला ठेवू नका.

खासगी जंगलांनाही हेच लागू पडते. आपल्याकडे डोंगर उक्ता, म्हणजे त्यावरची सगळी झाडे एकरकमी, विकण्याची पद्धत आहे. व्यापारी सगळे लाकूड टनावर नेतो आणि ते बॉयलरमध्ये जळते. त्यात ढोली असलेला जुना बेहडा गेला, की धनेशाची घरट्याची जागाही गेली, कारण धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला जुने, मोठे, पोकळ झालेले झाडच लागते. जाळणाऱ्याच्या हिशेबात अशा झाडाची किंमत सरळ लाकडापेक्षा कमी असते. फळांची बी दूरवर नेऊन टाकणारा पक्षी गेला, तर पुढच्या पन्नास वर्षांचे जंगल कोण लावणार, हा प्रश्न त्या टनांत कुठेच येत नाही.

भविष्याचा विषय निघाला आहे तर हिशेबातली एक बाजू समजून घेणे आवश्यक आहे, कारण मोठे प्रकल्प मांडणारे लोक ती वापरतात आणि सामान्य माणसाला ती दिसत नाही. पुढे मिळणारा पैसा आजच्या किमतीत आणताना त्यावर दरवर्षी काही टक्के सूट धरतात. दहा टक्क्यांनी सूट धरली, तर पन्नास वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत अवघी ८५ पैसे होते. चार टक्क्यांनी धरली तर ती सुमारे १४ रुपये होते. म्हणजे त्याच झऱ्याचे, त्याच पाण्याचे मोल केवळ टक्केवारी बदलून सोळा पटींनी कमी-जास्त दाखवता येते. बँकेच्या व्याजाचा दर लावून आपल्या नातवंडांचे पाणी मोजणे मला मान्य नाही, आणि ग्रामसभेनेही ते मान्य करू नये. आपल्या हिशेबात सूट धरूच नका; ‘दरवर्षी इतके लिटर, इतके रुपये, जोवर झरा वाहतो तोवर’ असे सरळ लिहा. खाणीचे उत्पन्न मात्र किती वर्षांचे आहे, हे त्याच्या शेजारी लिहा. तसेच ‘हा सडा वाचवण्यासाठी आपण किती पैसे द्याल’ असे घरोघर विचारून मोल काढण्याची एक पद्धत आहे, तीही टाळा. तिच्यातून माणसाची ऐपत कळते, सड्याचे मोल कळत नाही. वाडीतल्या गरीब घराचे पाणी त्यामुळे कागदावर स्वस्त होते.

कायद्याने काय करता येईल याकडे वळतो. २००२च्या जैवविविधता कायद्याच्या ४१व्या कलमाने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार केली पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यामुळे पुष्कळ गावांच्या नोंदवह्या घाईत, बाहेरच्या माणसांकडून लिहून घेतल्या गेल्या. आपल्या गावाची प्रत पंचायत कार्यालयातून काढून वाचा. शेजारच्या गावाच्या वहीत आणि आपल्या वहीत त्याच क्रमाने तीच झाडे आढळली, तर ती नव्याने करायला घ्या. समितीत कालवे काढणाऱ्या बाया, गुराखी, गुरव, रापणीचा एखादा जुना माणूस आणि झाडपाल्याची माहिती असलेली व्यक्ती असावी. शिकलेल्या मुलांनी लेखनिक व्हावे, माहिती मात्र या लोकांकडून यावी. याच कलमाने समितीला आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक साधने नेणाऱ्यांवर शुल्क आकारण्याचाही अधिकार दिलेला आहे. तो फारसा वापरला जात नाही.

त्यापुढची पायरी ३७व्या कलमाची आहे. त्याखाली राज्य शासन स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकते. बांबर्डे हे त्याचे एक उदाहरण झाले. आंबोलीत महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ हा मासा सापडल्यावर तिथल्या २.११ हेक्टर जागेलाही २०२१मध्ये हाच दर्जा मिळाला. जागा लहान असली तरी चालते, हे या दोन्ही उदाहरणांतून आपल्या लक्षात येईल. आपल्याकडे संपूर्ण सडा एकदम मागण्यापेक्षा झऱ्यांच्या माथ्यावरचा भाग, दीपकाडीचे पट्टे आणि कातळशिल्पांचा परिसर एवढा तुकडा नकाशासह मागावा, असा माझा सल्ला आहे.

घोषणा मात्र लोकांच्या संमतीनेच व्हायला हवी. मालवणच्या समुद्रात २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य १९८७मध्ये घोषित झाले, परंतु मच्छीमारांना विश्वासात न घेता ते झाल्याची भावना राहिली आणि विरोध अनेक दशके चालला. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला वेगळे घडले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले तेव्हा गावातलीच माणसे राखणदार झाली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय घरांतून होऊ लागली. कासव समुद्रात गेल्यावर ज्याच्या घरात चार पैसे येतात, तो पुढच्या वर्षी घरटे राखतो. आपल्याकडेही खातेदारांना मिळणारे उत्पन्न याच रीतीने ठरवावे लागेल.

कारण शेवटी निर्णय ज्या खातेदारांच्या हाती आहे, त्यांची गरज खरी आहे. कोणाला मुलीचे शिक्षण आहे, कोणाला दवाखान्याचे देणे आहे, आणि त्यांनी गावासाठी त्याग करावा असे आपण सांगू लागलो तर ते ऐकणार नाहीत आणि त्यांचे चूकही नाही. संगमेश्वर तालुक्यात खासगी जंगलांच्या मालकांशी संवर्धनाचे करार झालेले आहेत. ठरावीक वर्षे तोड न करण्याच्या बदल्यात मालकाला मोबदला मिळतो. झऱ्यांच्या पाणलोटातल्या खातेदारांशी असाच करार करता येईल. त्यात मुदत लिहा, दरवर्षीची रक्कम लिहा, गवत आणि काजूचे उत्पन्न मालकाचेच राहील हे लिहा आणि घरापुरता चिरा काढण्याची मुभा ठेवा. रक्कम तीन ठिकाणांहून उभी करावी: ज्या वाड्यांना त्या झऱ्याचे पाणी मिळते त्यांची वर्गणी, पोफळीच्या बागायतदारांचा जमिनीच्या प्रमाणात वाटा, आणि मुंबई मंडळाची मदत. रक्कम ठरवताना टँकरचा हिशेब समोर ठेवा, म्हणजे देणाऱ्याला ती जड वाटणार नाही आणि घेणाऱ्याला ती भीक वाटणार नाही. पहिला करार पाच वर्षांचा करावा. सामाईक जमीन असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या, मुंबईत राहणाऱ्यांच्यासुद्धा, सह्या घ्याव्यात, कारण एक सही राहिली तर खाणीचा दलाल नेमका त्याच हिस्सेदाराकडे जातो. झऱ्याच्या मोजणीची वही कराराला जोडा, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी निदान पावसाळ्यातल्या दोन नोंदी तिच्यात आलेल्या असू द्या.